ज्ञानाची मालकी आणि विद्यार्थ्यांचा अधिकार

१९०५ साली म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथ लिपीत लिहिलेली ती पोथी कौटिल्याच्या अर्थशास्त्राची होती. कित्येक शतके विद्वज्जनांना हा ग्रंथ केवळ इतरांनी केलेल्या उल्लेखांवरून ठाऊक होता. ग्रंथपाल शामशास्त्री यांनी पोथीचे मोल ओळखले, अपार कष्टाने संहिता वाचून काढली, १९०९ साली ती छापून प्रसिद्ध केली आणि १९१५ साली तिचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद जगापुढे ठेवला. प्राचीन भारतातील राज्यसंस्था, करपद्धती, खाणी, कारागीर आणि दास यांच्याविषयी आज जे काही लिहिले जाते, त्याचा फार मोठा भाग म्हैसूरच्या त्या घटनेचा ऋणी आहे.

या प्रसंगातून निघणारा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. हा ग्रंथ कोणाच्या मालकीचा? पिढ्यान्‌पिढ्या ताडपत्रांवर त्याच्या नकला उतरवणाऱ्या लेखनिकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणी त्यांच्याकडे ती मागितली नाही. नकला होत राहिल्या म्हणूनच ग्रंथ टिकला. दुसऱ्या बाजूला, शामशास्त्री यांनी संपादनात व अनुवादात ओतलेले श्रम हे त्यांचे स्वतःचे होते, आणि त्या श्रमांवर त्यांचा हक्क होता. समाजाने संचित केलेले ज्ञान आणि व्यक्तीने केलेले श्रम यांतील हे नाते नीट उलगडल्याखेरीज कॉपीराइटचा, म्हणजे प्रताधिकाराचा, प्रश्न समजणार नाही.

त्याच म्हैसूर शहरात आज विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे आणि केंद्रीय भाषा संस्थाही आहे. मानसगंगोत्रीच्या परिसरात काय किंवा पुणे, कोल्हापूर, नांदेड, बेळगाव येथील महाविद्यालयांच्या दाराशी काय, दृश्य एकच दिसते. परदेशी प्रकाशनसंस्थेचे क्रमिक पुस्तक विकत घेणे शेतमजुराच्या किंवा गिरणी कामगाराच्या मुलाला परवडत नाही. ग्रंथालयात त्याची एकच प्रत असते. मग तीन प्रकरणे घेऊन तो झेरॉक्सच्या दुकानापुढे रांगेत उभा राहतो. आपण चोरी करीत आहोत की काय, अशी एक भीती त्याच्या मनात असते. पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावरची छापील धमकी ही भीती वाढवते. उलटपक्षी, हाती येईल ते आपलेच, असे मानून दुसऱ्याचे लिखाण स्वतःच्या नावावर खपवणारेही आहेत. या दोन्ही चुका अज्ञानातून होतात, आणि हे अज्ञान मक्तेदारांच्या पथ्यावर पडते.

कायद्याने मान्य केलेले हक्क

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रताधिकार हा काही निसर्गदत्त किंवा ईश्वरदत्त हक्क नव्हे. कायद्याने तो ठरावीक मुदतीपुरता आणि ठरावीक मर्यादांत दिला आहे. आपल्या देशात तो १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने दिला. २१ जानेवारी १९५८ रोजी हा कायदा अमलात आला आणि त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २०१२ ची दुरुस्ती विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लेखन सिद्ध होताच हा हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. मात्र तो शब्दरचनेवर, मांडणीवर असतो. कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना, शास्त्रीय सिद्धांत यांवर कोणाचाही प्रताधिकार नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकासंबंधीच्या खटल्यात दिला. एखाद्या पुस्तकातील विचार समजून घेऊन तो आपल्या शब्दांत मांडणाऱ्या विद्यार्थ्यास म्हणूनच कोणी अडवू शकत नाही.

याच कायद्याचे ५२ वे कलम प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. कोणत्या गोष्टी केल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही, याची यादी तेथे दिली आहे. खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी, टीका वा परीक्षण करण्यासाठी, चालू घडामोडींचे वृत्त देण्यासाठी ग्रंथाचा न्याय्य वापर करण्याची मुभा या कलमाने दिली आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, प्रश्नपत्रिकेत घातलेला उतारा आणि उत्तरात दिलेला उतारा यांना कायद्याचे संरक्षण आहे. देशात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीन प्रतींपर्यंत नकला सार्वजनिक ग्रंथालय आपल्या उपयोगासाठी करू शकते. जवळ असलेल्या छापील ग्रंथाची संगणकीय प्रत जतनासाठी ठेवू शकते. अंध व अन्य अपंग वाचकांना वाचता येईल अशा स्वरूपात ग्रंथ रूपांतरित करण्याची मोकळीक २०१२ साली मिळाली. न्यायालयांचे निकाल तर, खुद्द न्यायालयाने मनाई केली नसल्यास, कोणीही पुनर्मुद्रित करावेत.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातही वापर न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याचे चार निकष आहेत: वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावर होणारा परिणाम. परंतु तेथे प्रत्येक वेळी न्यायालयात तोलमाप करावे लागते, आणि खर्चिक दाव्याच्या भीतीने विद्यापीठे आधीच मान तुकवतात. आपल्याकडे अध्यापनासाठीची सूट स्वतंत्रपणे, नाव घेऊन दिलेली आहे. अमेरिकी पुस्तकांतून उचललेले अमुक टक्के, तमुक पाने असले नियम भारतीय विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधण्याचा जो उद्योग चालतो, त्याला आपल्या कायद्यात आधार नाही.

दिल्लीचा धडा

हे कागदावरचे हक्क प्रत्यक्षात किती टिकतात, याची कसोटी २०१२ साली लागली. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे एक लहानसे दुकान होते. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणांचे संच ते विद्यार्थ्यांना तयार करून देत असे. त्या दुकानावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशनसंस्थांनी ऑगस्ट २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा गुदरला. नकलांसाठी परवाना घ्यावा आणि शुल्क भरावे, हा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला असता, तर देशातील प्रत्येक महाविद्यालयाच्या दारात एक नवा जकात नाका उभा राहिला असता.

विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी आपली संघटना उभारली आणि प्रतिवादी म्हणून खटल्यात उडी घेतली. शिक्षकही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. प्रकाशकांचा हा पवित्रा ज्या लेखकांच्या नावाने चालला होता, त्यांपैकीच अनेकांनी दावा मागे घ्या असे प्रकाशकांना लेखी कळवले; अमर्त्य सेन यांनीही या दाव्यास विरोध दर्शवला. लेखकांचे हित ही ढाल होती आणि तिच्यामागे नफ्याचा हिशेब होता, हे त्यामुळे उघडे पडले.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी द्विसदस्य पीठानेही अध्यापनासाठीच्या सूटीचा व्यापक अर्थ उचलून धरला. अध्यापनाच्या हेतूला जितका मजकूर आवश्यक, तितका घेता येईल. पानांची संख्या वा टक्केवारी यांचे बंधन कायद्यात नाही, असे त्या पीठाने सांगितले. नेमलेला मजकूर खरोखरच त्या अभ्यासक्रमासाठी आवश्यक होता काय, एवढा मुद्दा पुराव्यासाठी खालच्या पीठाकडे परत पाठवण्यात आला. तो पुरावा देण्याची वेळ येण्यापूर्वीच, मार्च २०१७ मध्ये, प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परवाने विकणाऱ्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्जही ९ मे २०१७ रोजी फेटाळला गेला.

या विजयाची व्याप्ती अचूक समजून घेतली पाहिजे. अध्यापनासाठी केलेल्या नकलांना संरक्षण मिळाले. संपूर्ण पुस्तक चोरून छापून बाजारात विकणाऱ्यास या निकालाने कोणताही परवाना दिलेला नाही. तशा गुन्ह्याला कमीत कमी सहा महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कैदेची तरतूद कायद्यात कायम आहे. जे मिळाले ते मोठे आहे. त्याला नसलेला अर्थ चिकटवून ते धोक्यात घालू नये.

सर्वांच्या मालकीचे भांडार

मुदत संपली की ग्रंथ समाजाच्या मालकीचा होतो. भारतात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षांची आहे. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले सर्व साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. गांधीजींचे लेखन १ जानेवारी २००९ पासून, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणीही छापावेत, वाटावेत, अनुवादित करावेत. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची मुदत मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जाते, हे ध्यानात ठेवावे. शामशास्त्री १९४४ साली वारले. त्यांचा अर्थशास्त्राचा अनुवाद २००५ च्या आरंभी मुक्त झाला. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या कथा-कादंबऱ्या १ जानेवारी २०३० रोजी मुक्त होतील. गोदावरी परुळेकरांचे वारली आदिवासींच्या लढ्यावरील पुस्तक २०५६ अखेर, म्हैसूरचे महाकवी कुवेंपू यांचे साहित्य २०५४ अखेर, तर आर. के. नारायण यांच्या कादंबऱ्या २०६१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.

मूळ ग्रंथ मुक्त झाला, म्हणजे त्याचा प्रत्येक अनुवादही मुक्त झाला असे होत नाही. कौटिल्याची संस्कृत संहिता साऱ्यांची आहे. पण तिचा एखादा अलीकडचा मराठी अनुवाद हे वेगळे श्रम आहेत आणि त्याची मुदत वेगळी. कम्युनिस्ट जाहीरनामा १८४८ चा. त्यावर कोणाचाच हक्क उरलेला नाही. मीरत खटल्यातील एक आरोपी कॉ. गंगाधर अधिकारी यांनी त्याचा जो मराठी अनुवाद केला, तो मात्र त्यांच्या १९८१ मधील निधनापासून मोजता २०४१ अखेर संरक्षित राहील.

ही साठ वर्षे कोठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. मूळ १९५७ च्या कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले. १९९१ च्या अखेरीस त्यांचे साहित्य मुक्त व्हायचे होते. ते विश्वभारतीच्या हातून जाऊ नये म्हणून ऐन वेळी वटहुकूम काढून आणि १९९२ साली कायदा करून सरकारने मुदत दहा वर्षांनी वाढवली. एका संस्थेच्या सोयीसाठी केलेल्या या वाढीने देशातील सर्व भाषांतील सर्व लेखकांचे ग्रंथ आणखी दहा वर्षे जनतेच्या हातापासून दूर राहिले. प्रेमचंद १९३६ साली गेले, म्हणून १९८७ पासूनच त्यांचे साहित्य स्वस्त आवृत्त्यांतून खेडोपाडी पोहोचू शकले. मुदत लहान असल्याने काय साधते याचे हे बोलके उदाहरण होय. अमेरिकेत व युरोपात हीच मुदत सत्तर वर्षांची आहे. व्यापारी करारांच्या आडून ती आपल्या माथी मारली जाणार नाही, याविषयी जागरूक राहिले पाहिजे.

अनुवादाचा प्रश्न आणि म्हैसूर

मराठी माध्यमात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा खरा अडसर याहून पुढचा आहे. झेरॉक्सचा हक्क मिळूनही, पुस्तक इंग्रजीतच असेल तर त्याच्या पदरात काय पडते? पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र, कायदा, वैद्यक या विषयांतील प्रमाण ग्रंथ मातृभाषेत नाहीत, म्हणून बाजारू गाईडांवर गुजराण करणारी पिढीच्या पिढी आपण पाहिली आहे. येथे पुन्हा म्हैसूरचा संबंध येतो. १७ जुलै १९६९ रोजी स्थापन झालेली भारतीय भाषांची केंद्रीय संस्था त्या शहरात आहे, आणि २००८ पासून राष्ट्रीय अनुवाद अभियानाचे कार्यालयही तेथेच आहे. विद्यापीठीय पातळीवरील ज्ञानग्रंथ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत आणणे हे या अभियानाचे काम. मराठी त्यांपैकी एक. मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या आणि म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवणाऱ्या कुवेंपूंच्या नगरीत हे कार्य चालावे, यात औचित्य आहे.

पण बहुतेक प्रमाण ग्रंथ परदेशी प्रकाशकांच्या मालकीचे असतात आणि अनुवादाचा हक्क हाही प्रताधिकाराचाच भाग आहे. प्रत्येक ग्रंथासाठी परवानगी मागा, वाटाघाटी करा, शुल्क भरा, या चक्रात काळ जातो; तोवर मूळ ग्रंथाची नवी आवृत्ती निघते आणि अनुवाद शिळा होतो. ही अडचण कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे नाही. ब्रिटिश अमदानीतील १९१४ च्या कायद्यातसुद्धा येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या अनुवादाचा अनन्य हक्क दहा वर्षांपुरताच होता. त्या मुदतीत हक्कदाराने एखाद्या भाषेत अनुवाद काढला नाही, तर त्या भाषेपुरता तो संपुष्टात येई. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने तो पूर्ण मुदतीचा केला. पण त्याबरोबर ३२ वे कलम घातले. प्रथम प्रकाशनानंतर सात वर्षे उलटली आणि त्या भाषेत अनुवाद झालेला नसला, किंवा झालेला दुर्मीळ झाला असला, तर रीतसर स्वामित्वधन देऊन अनुवाद प्रसिद्ध करण्याचा सक्तीचा परवाना कोणालाही मागता येतो.

याहून मोठी सवलत आंतरराष्ट्रीय झगड्यातून आली. १९६७ साली स्टॉकहोम येथे नवस्वतंत्र राष्ट्रांनी, ज्यांत भारत अग्रभागी होता, शिक्षणासाठी अनुवाद आणि पुनर्मुद्रण यांच्या व्यापक सवलतींची मागणी केली आणि तसा मसुदा संमतही करवून घेतला. पाश्चात्त्य प्रकाशकांनी हलकल्लोळ केला. धनाढ्य राष्ट्रांनी त्याला मान्यता नाकारली. १९७१ साली पॅरिस येथे पाणी घातलेली सवलत पदरी पडली. तिच्या अनुषंगाने १९८३ साली आपल्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात एक अमोल तरतूद आहे: अध्यापन, विद्वत्कार्य वा संशोधन यांसाठी परदेशी ग्रंथाचा अनुवाद हवा असेल, तर तीन वर्षांनी, आणि ती भाषा कोणत्याही विकसित देशात सर्वसाधारण वापरात नसेल, तर अवघ्या एका वर्षाने असा परवाना मागता येतो. मराठी आणि कन्नड या अर्थातच अशा भाषा आहेत.

ही तरतूद आज धूळ खात पडली आहे. परवाना देणारे प्रताधिकार मंडळ वर्षानुवर्षे धड चालले नाही. २०१७ साली त्याची कामे दुसऱ्या अपील मंडळाकडे सोपवण्यात आली. २०२१ साली तेही बरखास्त होऊन ती न्यायालयांकडे गेली. महाविद्यालयातील एखादा प्राध्यापक किंवा छोटा मराठी प्रकाशक एका पाठ्यपुस्तकासाठी न्यायालयाची पायरी चढेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे. हे काम सरकारी अभियानाने, सरकारी खर्चाने आणि संघटितपणे केले पाहिजे. मातृभाषेतून अभियांत्रिकी व वैद्यक शिकवण्याच्या घोषणा करणाऱ्या सरकारने हातातील हे हत्यार म्यानातच का ठेवले आहे, याचा जाब विद्यार्थ्यांनी विचारला पाहिजे.

लेखक हाही श्रमिकच

प्रताधिकाराच्या मर्यादा सांगताना लेखकाचा हक्क नाकारणे, ही श्रमिक वर्गाची भूमिका असू शकत नाही. लेखक, अनुवादक, चित्रकार हे आपल्या श्रमावर जगतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडशी असलेला प्रकाशनाचा दुवा तुटला तेव्हा आर. के. नारायण यांनी १९४२ साली म्हैसूरलाच इंडियन थॉट पब्लिकेशन्स ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि आपली पुस्तके आपणच वाचकांपर्यंत नेली. मराठीतील किती लेखकांना, आणि त्याहून किती अनुवादकांना, हे शक्य आहे? बहुतेकांच्या हाती एकरकमी अल्प मानधन पडते आणि सर्व हक्क प्रकाशकाच्या तिजोरीत जातात.

याही बाबतीत कायद्याचे ज्ञान उपयोगी पडते. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हस्तांतर भारतापुरतेच होते. अन्यथा काही ठरलेले नसल्यास, वर्षभर प्रकाशकाने हक्क वापरला नाही तर त्या हक्काचे हस्तांतर रद्द समजले जाते. आणि सारे हक्क विकले तरी, कृती आपली असल्याचे सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा ५७ व्या कलमाखालील हक्क लेखकाकडेच राहतो. दुसऱ्याचा परिच्छेद आपल्या प्रबंधात नाव न घेता उतरवणारा विद्यार्थी बड्या प्रकाशकाचे काही बिघडवत नाही. तो एका श्रमिकाचे श्रम चोरतो. ज्या ग्रंथाची मुदत संपली आहे, त्याच्याही लेखकाचे नाव घेणे ही प्रामाणिकपणाची किमान अट आहे.

श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, हा व्यवहार संशोधनपत्रिकांच्या धंद्यात परमावधीला पोहोचला आहे. संशोधन जनतेच्या पैशाने होते. शास्त्रज्ञ लेख फुकट देतात. इतर शास्त्रज्ञ तो फुकट तपासतात. आणि छापून झाल्यावर तोच लेख विद्यापीठाला भारी वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधकांना यातून वाचनाची सोय होईल, ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु खासगी महाविद्यालयांतील असंख्य विद्यार्थी या कुंपणाबाहेर राहिले आणि मक्तेदारांचा खंडणी वसूल करण्याचा अधिकार सरकारी तिजोरीतून पक्का झाला, हेही तितकेच खरे.

आत्मपरीक्षण आणि मागण्या

या प्रश्नी डाव्या चळवळीने स्वतःकडेही टीकात्मक दृष्टीने पाहिले पाहिजे. मार्क्स-एंगेल्स यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजीतील पन्नास खंड मॉस्को, लंडन व न्यूयॉर्क येथील प्रकाशनसंस्थांनी मिळून काढले. २०१४ साली लंडनच्या लॉरेन्स अँड विशार्ट या संस्थेने, जी एकेकाळी ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाची प्रकाशनसंस्था होती, इंटरनेटवरील मार्क्सवादी ग्रंथसंग्रहाला त्यातील मजकूर ३० एप्रिलपर्यंत, म्हणजे नेमका मे दिनाच्या पूर्वसंध्येपर्यंत, काढून टाकण्यास सांगितले. संस्था आर्थिकदृष्ट्या दुबळी होती आणि अनुवादकांच्या श्रमांवर तिचा कायदेशीर हक्क होता, हे मान्य. तथापि ज्यांनी खासगी मालकीची चिकित्सा शिकवली, त्यांचेच लेखन गरीब देशांतील विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतले जावे, याने जगभरच्या कार्यकर्त्यांना वेदना झाल्या. कायदा आपल्या बाजूने असणे आणि आपण योग्य करीत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मराठीतील पुरोगामी प्रकाशनांच्या अनेक जुन्या पुस्तिका आज कोठेही मिळत नाहीत. लेखकांचे वारसही त्या पुन्हा छापत नाहीत. २१ व्या कलमानुसार लेखकाला आपला हक्क स्वेच्छेने सोडता येतो. लेखक व वारस यांच्या संमतीने अशा पुस्तिका मुक्त करण्याचे काम चळवळीने आपल्या घरापासून सुरू करावे.

सरकारकडे करावयाच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, जनतेच्या पैशाने निर्माण होणारे ग्रंथ, कोश, अहवाल व संशोधन जनतेला विनामूल्य आणि पुनर्वापरासाठी खुले असावे. सरकारी प्रकाशनांवर साठ वर्षांचा प्रताधिकार सांगण्यात कोणतेही लोकहित नाही. दुसरी, राष्ट्रीय अनुवाद अभियानाला पुरेसा निधी व कायम कर्मचारी मिळावेत आणि ३२ व्या कलमाखालील परवाने मिळवण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. तिसरी, अनुवादकाला एकरकमी मानधनाऐवजी विक्रीतील वाटा मिळावा आणि त्याचे नाव मुखपृष्ठावर छापावे. चौथी, प्रताधिकाराची मुदत यापुढे एका दिवसानेही वाढवू नये. पाचवी, १९६७ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांना खरेदीसाठी पुरेसे अनुदान द्यावे. कारण ग्रंथालय सुसज्ज असेल तर झेरॉक्सची रांग आपोआप आखूड होते.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक विद्यार्थी संघटनेने ५२ व्या कलमाचा सोप्या मराठीतील मसुदा आपल्या ग्रंथालयाच्या फलकावर लावावा. कोणते लेखक मुक्त झाले, कोणते केव्हा होणार, याची यादी प्रत्येक वर्षाच्या १ जानेवारीला प्रसिद्ध करावी. सीमाभागात आणि म्हैसूरसारख्या शहरांत मराठी व कन्नड विद्यार्थ्यांनी मिळून मुक्त झालेल्या ग्रंथांचे परस्पर अनुवाद हाती घ्यावेत. भाषेच्या नावाने माथी भडकवणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

तंजावरहून आलेल्या त्या ताडपत्रांच्या पोथीला म्हैसूरच्या ग्रंथालयाने कुलपात ठेवले असते, तर ती एका दालनाची शोभा ठरली असती. ती वाचली गेली, छापली गेली, अनुवादित झाली, म्हणूनच जगाची झाली. श्रमाला मोल आणि ज्ञानाला मोकळीक, या दोन्ही मागण्या एकाच लढ्याच्या आहेत, आणि विद्यार्थ्यांनी हा लढा लेखकांच्या खांद्याला खांदा लावून लढवला पाहिजे.